तिसरी भरती

गाडी जबलपूरच्या मदन महल स्टेशनला थांबली तेव्हा विनताला दारातूनच दिसलं, की फलाटावर बापूसाहेब उभे आहेत आणि त्यांच्या शेजारी चाकांची खुर्ची आहे. अंबरीश फोनवर एवढंच म्हणाला होता, की बाबांना बरं नाही, आत्या, तू निघ. पण गोष्ट खुर्चीपर्यंत आली असेल असं काही तिला वाटलं नव्हतं. रत्नागिरीपासून इथपर्यंत ती मनातल्या मनात नर्मदामैयाला हाका मारत आली होती. आता ती पिशवी खांद्याला लावून झटकन उतरली आणि धाकटी बहीण असूनही थोरल्या भावाच्या अंगावर ओरडली.

"दादा, उभा काहून राहिलास? बैस न खुर्चीत!"

"मी काहून बसू? खुर्ची तुझ्यासाठी आहे," बापूसाहेब म्हणाले.

"मला काय झालंय?"

"मग मला काय झालंय?"

दोघं भावंडं एकमेकांना वरपासून खालपर्यंत न्याहाळत राहिली. बापूसाहेब तोफखान्याच्या कारखान्यातून निवृत्त होऊन जमाना झाला होता, पण ताठ उभे होते, दाढी घोटलेली होती आणि सदऱ्याला इस्त्री होती. विनता तर समुद्राच्या उन्हानं रापून चांगली तुकतुकीत झाली होती. मध्ये उभा असलेला अंबरीश मात्र वर पत्र्याकडे बघत होता. रेल्वेत मोठ्या हुद्द्यावर पोचलेला हा भाचा लहानपणी खोटं बोलला की असाच छताकडे बघायचा, हे विनताला ठाऊक होतं. तिनंच त्याला वाढवलं होतं.

"घरी चल, आत्या. सगळं सांगतो," तो म्हणाला.

शेवटी त्या खुर्चीत बसली ती विनताची फणसपोळीची पिशवी. हमालानं ती मोठ्या अदबीनं बाहेरपर्यंत ढकलत नेली.

घराच्या दारात अनसूयावहिनींनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं आणि विनताला हाताला धरून आत नेलं. अंघोळ झाल्यावर पानं मांडली. सगळ्यांच्या पानांत आमटी, भरली वांगी आणि कमानिया गेटवरून खास आणलेली खव्याची जलेबी. विनताच्या पानात मऊ भात, मेतकूट आणि तूप.

"वहिनी, माझं काय उष्टावणाचं वय आहे? जलेबी वाढा."

"तब्येतीला झेपेल तेवढंच खावं, वन्सं. डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"कोणत्या डॉक्टरांनी?"

अंबरीशचा मुलगा अमेय कॉलेजात शिकत होता. तो आतापर्यंत मान खाली घालून जेवत होता. त्यानं हळूच मोबाइल काढला.

"आत्याआजी, तूच तर मेसेज केला होता न. सुनो."

मोबाइलमधून विनताचाच आवाज आला. "अमेय, मी आत्याआजी. या शरयूताईंच्या फोनवरून बोलतेय. काल मोठी भरती होती, पाणी चढलं, त्यात अडकले. माझ्या फोनमध्ये पाणी गेलंय, म्हणून बंद आहे. आता उतरलीय. घरी सांग, काळजी करू नका."

"मग? यात काय आहे?" विनता म्हणाली.

"तू भरती होतीस न! अस्पताल में," अमेय म्हणाला. "पानी चढलं मतलब सलाईन. आणि उतरलीय म्हणजे बुखार."

विनता हातातला घास तसाच धरून त्याच्याकडे बघत राहिली. मग तिला हसू फुटलं, आणि ते असं फुटलं, की मेतकूट-भात ताटाबाहेर सांडला. ध चा मा झालेला तिनं पुष्कळ वाचला होता, पण इथं तर सगळी अक्षरं जिथल्या तिथं होती आणि तरी ती दवाखान्यात जाऊन पडली होती.

"अरे राजा, ज्वार! ज्वार-भाटा! मराठीत ज्वारला भरती म्हणतात. समुद्राचं पाणी चढतं ती भरती, उतरतं ती ओहोटी."

"अच्छा!" अमेय म्हणाला. "मग ज्वार म्हणायचं न."

त्यात त्या पोराचा काय दोष? जबलपूरच्या मराठी घरात माणूस आजारी पडला की भरती होतो आणि बरा झाला की त्याला सुट्टी मिळते. समुद्राला तिथं कुणी मोजतच नाही. खुद्द विनतानं सगळी नोकरी शाळेत भूगोल शिकवण्यात घालवली. फळ्यावर चंद्र काढला, पृथ्वी काढली, बाणांनी पाणी ओढून दाखवलं, पण ते हिंदीतून, आणि ज्वार-भाटा म्हणूनच. भरती हा शब्द तोंडात बसायला तिला गेल्या दिवाळीनंतर रत्नागिरीत जाऊन राहावं लागलं होतं.

"पण मी त्या शरयूबाईंना, तुझ्या घरमालकिणीला, स्वतः फोन केला," अंबरीश म्हणाला. "विचारलं, भरती होती काय? त्या म्हणाल्या, होती तर, एवढी मोठी भरती पुष्कळ वर्षांत पाहिली नाही, बिचाऱ्या पार गळून गेल्या होत्या!"

आता वहिनींनासुद्धा हसू आवरेना. त्यांनी डोळे पुसत दोन जलेब्या विनताच्या पानात टाकल्या. थोडा वेळ घर पूर्वीसारखं झालं, आणि विनताला वाटलं, बरं झालं, या निमित्तानं सगळे भेटले. चार दिवस राहू आणि परतीच्या गाडीत बसू.

सगळ्यात आधी हसू थांबलं ते बापूसाहेबांचं.

"म्हणजे तू दवाखान्यात नव्हतीस, समुद्रात होतीस," ते म्हणाले.

"समुद्रात नाही रे. मिऱ्याच्या किनाऱ्यावर उधाण बघायला गेले होते. रस्त्यावर पाणी आलं, तेव्हा एका कोळ्याच्या घरात बसून राहिले. त्यांनी चहा दिला, भात दिला. पाणी उतरलं, घरी आले."

"या वयात! एकटी! चलो, मग तर अंबरीशनं केलं ते ठीकच केलं."

"काय केलं अंबरीशनं?"

अंबरीशनं पुन्हा छताकडे पाहिलं. मग म्हणाला, "तुझी खोली सोडून दिली, आत्या. त्या बाईंना सांगून टाकलं, की आत्याला आता जमणार नाही. तुझं सामान मी मागवून घेतो. वरची तुझी खोली रंगवून ठेवली आहे."

विनतानं हात धुतले, ताट उचललं, मोरीत ठेवलं आणि परत येऊन बसली. तिला संताप आला होता. ती खोली तिनं स्वतः शोधली होती. तिच्या आयुष्यातलं ते एकच कुलूप असं होतं, ज्याची किल्ली दुसऱ्या कुणाकडे नव्हती.

"मला न विचारता?" ती म्हणाली.

"तुझ्या भल्यासाठीच न, आत्या."

"बघ विनू," बापूसाहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "समुद्र चार दिवस बघायला चांगला असतो. पाचव्या दिवशी काय? तेच पाणी, तीच रेती. वर्षभर माणूस काय करून राहील तिथं?"

"हो न," वहिनी म्हणाल्या. त्या आता फुलवाती वळायला बसल्या होत्या. "मला पण हेच विचारायचं होतं. सांगा वन्सं, वर्षभर असतं काय तिथं?"

विनताला वाईट वाटलं. वहिनी तरी आपल्या बाजूनं असतील असं तिला वाटत होतं. पण शिक्षिकेला प्रश्न विचारला की उत्तर द्यावंच लागतं.

"दिवाळीनंतर मी गेले, तेव्हा हवा मऊ होती. भाट्याच्या किनाऱ्यावर कुरव पक्षी येऊन बसतात, कुठून तरी थंड मुलखातून. सकाळी मी त्यांच्यातून चालत जायची. उठायचे, आणि परत माझ्या मागे बसायचे."

"ते झालं थंडीचं. मग?"

"मग थिबा राजवाड्याच्या अंगणात गाणं. रात्रीची शाल घेऊन बसायचं. माघ-फाल्गुनात कासवं अंडी घालायला येतात. गावखडीला पिलं समुद्रात सोडताना मी पाहिली, वहिनी. एवढीएवढीशी, पण तोंड बरोबर पाण्याकडे. आणि शिमगा! आपल्याकडे होळी म्हणजे रंग आणि घाण. तिथं पालख्या नाचवतात. देव माणसांच्या खांद्यावरून गावात हिंडतो, घरोघरी जातो."

"आपल्याकडे काय कमी आहे?" बापूसाहेब मध्येच म्हणाले. "ग्वारीघाटची आरती आहे. शरद पौर्णिमेला भेडाघाट, संगमरवरात नाव घालून बसायचं. लोक दुरून येऊन राहिले त्यासाठी."

"लोक येतात. तू शेवटचा कधी गेला होतास?"

बापूसाहेबांनी आठवून पाहिलं. "पुण्याचे पाव्हणे आले होते तेव्हा."

"तेच म्हणते मी. जन्मभर मी पाव्हण्यांना धुआँधारचा धबधबा दाखवला. डबा करायचा, पाणी भरायचं, सगळ्यांच्या चपला सांभाळायच्या. माझ्या मनात आलं आणि मी गेले, असं एकदाही झालं नाही. दोष नर्मदेचा नाही, दादा."

वहिनींनी वात संपवून दुसरी घेतली.

"उन्हाळ्यात?"

"आंबा. शरयूताईंच्या माडीवर अढी घातली होती. साऱ्या घराला वास."

"आणि आता पावसात? पावसात तर नावा पण बंद असतात म्हणे."

"म्हणून तर समुद्र बघायचा असतो. बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवतात, जाळी दुरुस्त करत कोळी घरात बसतात, गप्पा मारायला त्यांना वेळ असतो. समुद्र असा वाजतो, की रात्री खिडकी लावली तरी ऐकू येतो. आता नारळी पौर्णिमेला सोन्याचा नारळ म्हणून नारळ वाहतील आणि बोटी परत पाण्यात जातील. ते मला बघायचंय. मग गणपतीत बाहेरगावी गेलेलं सगळं गाव घरी येतं. कातळावर फुलं येतात, काळ्या दगडावर, माती नसताना. ते अजून पाहिलं नाही. वर्ष पुरं झालेलं नाही माझं."

"हं," वहिनी म्हणाल्या. त्या काय विचार करत होत्या ते त्यांच्या तोंडावरून कळलं नाही.

विनतानं इकडेतिकडे पाहिलं. मघापासून काहीतरी चुकल्यासारखं तिला वाटत होतं, ते आत्ता ध्यानात आलं.

"सुखदा कुठं आहे रे, अंबरीश? मी आजारी, दादा आजारी, आणि घरची सून दिसत नाही?"

बापूसाहेब म्हणाले, "असेल बाहेर."

"मम्मी कोटा गेली आहे," अमेय म्हणाला. "घर देखने. पापाची बदली झाली न. प्रमोशनवर."

"अमेय!" अंबरीश ओरडला.

"क्या अमेय? आत्याआजीला सांगितलंच नाही तुम्ही? मी तर समजलो, ती त्याच्यासाठीच येऊन राहिली आहे."

मग सगळा उलगडा झाला. अंबरीश आणि सुखदा पुढच्या महिन्यात कोट्याला जाणार होते. अमेय शिक्षणासाठी इथंच राहणार होता. बापूसाहेब जबलपूर सोडायला तयार नव्हते आणि त्यांना एकटं टाकून जायचं अंबरीशच्या जिवावर आलं होतं. अमेयच्या मोबाइलमधली ती भरती त्याला देवानं धाडल्यासारखी वाटली. आत्या आजारी आहे, तिला घरी आणलीच पाहिजे. आणि घरी आली की बाबांचं आणि आईचं बघायला ती आहेच. तो खोटारडा नव्हता. हे सगळ्यांच्या सोयीचं आहे, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली होती.

"अच्छा," विनता म्हणाली. तिचा आवाज आता अगदी वर्गात असायचा तसा झाला होता. "एक भरती दवाखान्याची. ती झालीच नाही. दुसरी समुद्राची, ती तुम्हाला कळली नाही. आणि ही तिसरी. मला न विचारता तुम्ही माझी नोकरीवर भरती करून राहिले!"

"आत्या, असं नको न बोलू—"

"बोलू दे. आईच्या अंथरुणाशी मी बसले, अण्णांच्या बसले. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. ते मी मनापासून केलं. तू झालास तेव्हा वहिनी अंथरुणाला खिळल्या होत्या, तुला मी मांडीवर घेऊन पेपर तपासले. तेही केलं. पण मी निवृत्त झालेय, अंबरीश. दादाला काही झालं, तर रात्री कळलं तरी मी सकाळी गाडीत असेन. आत्ता आलेच की नाही? पण काही झालेलं नसताना, कधीतरी काही होईल म्हणून मी इथं बसून राहणार नाही. मला जायचंय. मला ते हवंय."

बापूसाहेबांनी चष्मा काढला आणि पुसला. धाकट्या बहिणीला काहीतरी हवं आहे, हे त्यांनी साठ वर्षांत पहिल्यांदाच ऐकलं असावं. ते ऐकून त्यांना राग यावा की लाज वाटावी, ते ठरेना.

"पण खोली तर गेली न," अंबरीश अगदी बारीक आवाजात म्हणाला.

"फोन लाव."

"आत्या..."

"शरयूताईंना फोन लाव, आणि मोठ्यानं ठेव."

अंबरीशनं फोन लावला आणि पाटावर ठेवला. दोन रिंगांत पलीकडून शरयूताईंचा खणखणीत आवाज आला.

"विनताताई, पोचलात? भावांची प्रकृती कशी आहे?"

"उत्तम आहे. शरयूताई, माझ्या खोलीचं काय केलंत?"

"अहो, केलीय ना खाली! तुमच्या भाच्यानं सांगितल्यासारखी लगेच केली."

विनतानं डोळे मिटले. अंबरीशनं मान खाली घातली.

"कॉट, टेबल, पुस्तकं, सगळं ह्यांनी आणि शेजारच्यांनी मिळून खाली आणलं," शरयूताई पुढं बोलतच होत्या. "तुमचा भाचा म्हणाला, आत्याला आता जमणार नाही, तिची खोली खाली करून टाका. मी म्हटलं, खरंच, जिन्याच्या पायऱ्या किती उंच आहेत. पडवीजवळची खोली रिकामीच होती. वरच्यापेक्षा मोठी आहे हो. पण गुडघे दुखतात हे मला कधी बोलला नाहीत तुम्ही!"

अमेयनं तोंडावर हात दाबला. अंबरीशची मान वर आली. त्यानं जबलपुरी मराठीत खोली खाली करायला सांगितली होती, आणि रत्नागिरीच्या त्या बाईनं अगदी मनापासून ती खाली केली होती.

"शरयूताई," विनता म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं, "गुडघे ठीक आहेत. पण खोली खालीच राहू द्या. मी पौर्णिमेच्या आधी येतेय."

"या की. मी नारळाच्या वड्या करणारच आहे."

"विचारा बरं त्यांना," वहिनी एकदम म्हणाल्या, "दोन कॉट मावतात का त्या खोलीत?"

सगळे वहिनींकडे बघायला लागले. फोनवरून शरयूताई म्हणाल्या, "दोन काय, तीन मावतील," आणि कुणीतरी दार वाजवतंय म्हणून त्यांनी फोन ठेवला.

"दुसरी कॉट कुणासाठी?" बापूसाहेबांनी विचारलं.

वहिनींनी वळलेल्या वाती डब्यात घातल्या, झाकण लावलं.

"माझं माहेर सागर गावचं. तिथला सागर म्हणजे तळं, हे तुम्हाला माहीत आहे. माझे दादा गेले, भाच्यांनी घर काढून टाकलं, तेव्हापासून मला जायला ठिकाण नाही. राखीला मी ओवाळते ती त्यांच्या फोटोला. मघापासून मी एकेक महिना विचारून राहिले, तर सगळ्यांना वाटलं, मी वन्संना अडवतेय. मी माझ्यासाठी महिना बघत होते."

"वहिनी!" विनता म्हणाली.

"वन्सं, आज दारात तुमच्यावरून तुकडा ओवाळला, तेव्हा लक्षात आलं, की एवढ्या वर्षांत मी तुम्हाला माहेरवाशीण म्हणून कधी ओवाळलंच नव्हतं. तुम्ही कधी गेलाच नाहीत, तर येणार कशा? आता तुम्ही गेलात, तर तुम्हाला हे माहेर झालं. आणि मला ते. तुम्ही परत इथं येऊन बसलात, तर दोघींचंही गेलं. म्हणून तुम्ही जायचंच. मी गणपती झाले की येते. ती काळ्या दगडावरची फुलं बघायची आहेत मला."

"आई, पण बाबांचं?" अंबरीश म्हणाला.

"तुझे बाबा तोफा बनवत होते. त्यांना कुकर लावता येईल. अमेय आहे, शेजारी आहे, आणि तुला एवढी काळजी असेल तर तू कोट्याहून दर रविवारी येत जा."

बापूसाहेबांनी अगदी नव्या नवऱ्यासारखं चाचरत विचारलं, "किती दिवस राहणार आहेस?"

"माहेरी निघालेल्या बाईला हे विचारत नाहीत."

"आणि मी काय करू?"

"तुम्ही?" वहिनी म्हणाल्या. "तुम्ही मला न्यायला या. आणि आल्या-आल्या चल म्हणायचं नाही. जावई आहात, चार दिवस राहा."